माजघरातली ओल

आमच्या माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या काही आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी एक तारीख. घरी आलेले पाहुणे त्या पाहून नातवंडांची उंची मोजली आहे का, असे विचारत. त्या उंचीच्याच रेघा होत्या, फक्त ओलीच्या. २०२२ साली निवृत्त होऊन आम्ही ठाण्याहून गावी राहायला आलो आणि त्या पहिल्याच पावसाळ्यात दर पंधरवड्याला ओल भिंतीवर कुठवर चढली आहे ते टिपायला मी सुरुवात केली. हे काम मी चार वर्षे आधी केले असते, तर निदान लाखभर रुपये वाचले असते.

घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या पूर्णगड खाडीच्या अलीकडे, समुद्रापासून दीड किलोमीटरवर, एका उतारावर आहे. तुळईवर शके १८५३ कोरलेले आहे, म्हणजे बांधकाम १९३१ च्या सुमाराचे. भिंती जांभा दगडाच्या चिऱ्यांच्या, दीड फूट रुंदीच्या. चिरे मातीत बसवलेले, आतून चुन्याचा गिलावा आणि वर मंगलोरी कौले. मी लग्न होऊन आले तेव्हाही पावसाळ्यात माजघराची भिंत जमिनीलगत वीतभर काळपट होत असे, पण त्याला कोणी आजार समजत नव्हते. दसऱ्यापर्यंत ती आपोआप सुकत असे आणि दिवाळीत तिच्यावर चुन्याचा हात फिरत असे.

ओल गुडघ्याच्या वर आली ती आमच्या गैरहजेरीत. सासूबाई तेव्हा एकट्याच राहत असत आणि फोनवर अशा गोष्टी सांगण्याचा त्यांचा स्वभाव नाही. २०१८ च्या गणपतीत आम्ही आलो तेव्हा रंगाचे पोपडे सुटले होते, फडताळातल्या कपड्यांना कुबट वास येत होता आणि पलंगामागे हिरवट काळ्या बुरशीचा मोठा डाग पसरला होता. आम्ही पोपडे खरवडले, पुट्टी भरली आणि ओल रोखण्याची हमी देणारा महागातला रंग दोन हात दिला. दिवाळीत भिंत आरशासारखी दिसत होती. पुढच्या जुलैत त्याच रंगाला नारळाएवढे फुगे आले आणि एक फुगा बोटाने दाबला तेव्हा आतून पाण्याबरोबर पिठूळ पांढरी भुकटी बाहेर आली. भिंतीतल्या क्षारांच्या या भुकटीला आमच्याकडे लोणा म्हणतात.

त्यानंतर शहरातून एका ठेकेदाराला बोलावले. त्याने चुन्याचा जुना गिलावा हा सगळ्या दुखण्याचे मूळ ठरवला, तो चार फूट उंचीपर्यंत काढून टाकला आणि त्या जागी ओलरोधक द्रव मिसळलेला सिमेंटचा गिलावा केला. खर्च ४६ हजार रुपये आला. दोन पावसाळे भिंत खरोखरच कोरडी दिसली, त्यामुळे मी त्याची शिफारस दोन शेजाऱ्यांकडे केली, हे आज लिहितानाही मला ओशाळल्यासारखे होते. कारण तिसऱ्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वरच्या कडेवरून, म्हणजे थेट खांद्याच्या उंचीवर, बाहेर पडली. चार फुटांचे सिमेंट कोरडे आणि त्यावरचा जुना चुना चिंब, असे ते दृश्य होते. ठेकेदाराचे म्हणणे असे पडले की आता आणखी दोन फूट सिमेंट चढवावे आणि त्यावर फरशा लावाव्यात.

फरशांचा विचार मी गंभीरपणे करत होते. तो बारगळला एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगाने. ओल्या भिंतीतला विजेचा बोर्ड दाबताना सासूबाईंच्या बोटांना झिणझिण्या आल्या. वायरमनने येऊन पाहिले तर बोर्डाच्या पेटीत पाण्याचे थेंब होते आणि घराचे अर्थिंग केव्हाच गंजून तुटले होते. त्याने त्याच दिवशी नवे अर्थिंग केले, गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवले आणि त्या भिंतीवरचे सगळे बोर्ड आतल्या कोरड्या भिंतीवर हलवले. भिंतीचे काय करायचे ते नंतर ठरवता येते, पण ओल्या भिंतीतली वीज एक दिवसही तशी ठेवू नये. सासूबाईंचा पलंगही आम्ही त्या दिवशी ओटीवर आणला, कारण त्यांचा पावसाळी खोकला त्या बुरशीचाच आहे, हे डॉक्टरांनी आधीच सुचवले होते.

या प्रसंगानंतर मी उपाय थांबवले आणि केवळ पाहायचे ठरवले. रेघा आल्या त्या तिथून. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ज्याला आम्ही सरसकट ओल म्हणत होतो, त्या निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. न्हाणीघराला लागून असलेली मागची भिंत एप्रिलमध्येही ओलीच राहत होती. कडक उन्हाळ्यात भिंत ओली असेल तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण केली, तर सकाळी पाणी दोन बोटे उतरलेले होते. भिंतीत गाडलेला नळ सांध्यावर पाझरत होता. नवा नळ भिंतीच्या बाहेरून टाकला आणि ती भिंत त्याच उन्हाळ्यात सुधारू लागली. एवढे ते सोपे होते.

पश्चिमेची भिंत सोपी नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि आमच्याकडे तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीत ओला असताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेवर उघडा राहिला की कडक होतो. त्याच्या या विटेसारख्या गुणामुळेच स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली, मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या अशाच दगडाला, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. बांधकामाच्या भारतीय मानकात चिऱ्याने आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी तो चालतो, असे धरलेले आहे. वीस किलोचा चिरा असेल तर हे पाणी जवळजवळ अडीच लिटर होते. असे शेकडो चिरे एका भिंतीत असतात. एवढे पाणी पिणारी भिंत पूर्वी दिवाळीपर्यंत सुकायची, कारण तिच्यावर चुना आणि आत माती होती. या दोन्हींतून बाष्प सहज आरपार जाते आणि पाणी जसे आत येते तसे बाहेरही पडते. सिमेंटचा गिलावा चिऱ्याहून आणि मातीहून कठीण असतो. भिंत जरा हलली की त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते, पण बाष्प होऊन बाहेर पडण्याइतकी वाट त्याला तिथे मिळत नाही. मग ते वर सरकते आणि जिथे सिमेंट संपते तिथे प्रकटते. ठेकेदाराने ओल घालवली नव्हती, तिला चार फुटांवर नेऊन ठेवले होते.

हे मला कोणा अभियंत्याने नव्हे, तर पलीकडच्या वाडीतल्या सत्तरीच्या एका गवंड्याने समजावून सांगितले. त्याने भिंतीवर टिचकी मारून आवाज ऐकला, बाहेर जाऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिला आणि विचारले, “वहिनी, तुमचं जोतं कुठं गेलं?”

प्रश्न ऐकून मी खाली पाहिले. खरोखरच जोते, म्हणजे भिंतीखालचा दगडी चौथरा, दिसत नव्हते. २००४ साली सासऱ्यांनी खळ्याला काँक्रीट केले, ते आधीच्या मातीवर भर घालून आणि थेट भिंतीला भिडवून. त्यामुळे जोत्याचा वरचा थर काँक्रीटच्या खाली गेला होता आणि कौलांच्या पागोळ्या जमिनीवर पडून भिंतीवर उडत होत्या. खळ्याचा उतारही, कामगारांच्या हयगयीने, घराकडेच होता. ज्या पाण्याने पूर्वी मातीतून वाफ होऊन उडून जावे, त्याला काँक्रीटखाली कोंडल्यावर उरलेली एकमेव मोकळी जागा म्हणजे आमची भिंत. तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा ओल वर चढायला लागली ती नेमकी त्या कामानंतरच, हे सासूबाईंच्याही बोलण्यातून निघाले.

खळे फोडण्याचा विषय काढताच सासूबाई कडाडल्या. त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटत होते आणि आजही पटते. मातीचे खळे म्हणजे दर पावसानंतर चोपणे, दर आठवड्याला शेणाने सारवणे आणि हे सगळे घरातल्या बायकांनी करणे. सासऱ्यांनी काँक्रीट केले ते सासूबाईंची कंबर धरल्यावर, त्यांच्या सुखासाठी. जुन्या घरांची थोरवी सांगणारे लोक सारवणाची महती गातात, पण सारवणारे हात क्वचितच त्यांचे असतात. मी सासूबाईंना शब्द दिला की खळे मातीचे होणार नाही. फक्त भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी निघेल. त्यावर त्या आठ दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या आणि नवव्या दिवशी, आमसुले वाळत घालायला जागा कमी पडली तर ती माझी जबाबदारी राहील, या अटीवर त्यांनी परवानगी दिली.

जानेवारी २०२३ मध्ये पट्टी फोडली. खाली नऊ इंचांवर जोत्याचा घडीव दगड लागला, एकोणीस वर्षे न दिसलेला. त्याच्याही खाली फूटभर खणून, तळाला परसाकडे उतार देऊन, चर मोठ्या खडीने भरला आणि त्याचे पाणी माडांच्या आळ्यांकडे सोडले. पाया उघडा पडू नये म्हणून गवंड्याने चर एकदम न खणता सहा-सहा फुटांचे तुकडे पाडून खणला आणि एक तुकडा भरल्याशिवाय पुढच्याला हात घातला नाही. दीड फूट रुंदीच्या, मातीत बांधलेल्या भिंतीशेजारी सरसकट खोल चर मारणे धोक्याचे असते. वळचणीला पन्हळ लावली, तीही रुंद, कारण आमच्या पावसात अरुंद पन्हळ भरून वाहते आणि सगळे पाणी एकाच जागी ओतते.

पाठोपाठ आतले सिमेंट काढले. छिन्नी जरा जोरात बसली की सिमेंटबरोबर चिऱ्याचा तोंडवळाही सोलून येई, इतके ते घट्ट बसले होते. काही चिरे मागून मऊ पडून भुसभुशीत झाले होते, ते बदलावे लागले. भिंत उघडी झाल्यावर तिच्यावर दुसऱ्याच दिवसापासून लोणा फुलू लागला. तो कोरड्या ब्रशने झाडून, सुपात गोळा करून घराबाहेर टाकायचा, अशी सक्त ताकीद गवंड्याने दिली होती. भिंत धुऊन काढण्याचा मोह होतो, पण पाण्याने क्षार विरघळून पुन्हा आतच जातात. तीन महिन्यांत मी पाच वेळा भिंत झाडली. पहिल्या खेपेस अर्धे सूप भरले, शेवटच्या खेपेस मूठभरही निघाला नाही.

आता नवा गिलावा करावा, असे सगळ्यांना वाटत होते. जुन्या बांधकामात भिंत सुकायला रुंदीच्या इंचामागे एक महिना लागतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. आमच्या अठरा इंची भिंतीला तो लावला तर दीड वर्ष होते. एवढे थांबणे आम्हाला जमले नाही, पण एक पावसाळा भिंत आतून उघडीच ठेवायची, असे ठरवले. जांभळट तांबड्या, भोकाभोकांच्या भिंतीपुढे आम्ही २०२३ चा गणपती बसवला. नातेवाइकांनी पैसे संपले का, असे आडून विचारून घेतले. त्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा, आडोसा केला, जसा पूर्वी घरोघरी करत. भिंत आणि झापे यांच्यात वीतभर अंतर ठेवले की झडीचे पाणी झापांवरून निथळते आणि मधून वारा खेळतो. प्लॅस्टिकचा निळा कागद स्वस्त पडला असता, पण तो भिंतीला चिकटतो आणि मागे घाम धरतो.

रेघा खाली आल्या. ऑगस्टच्या मध्याला ओल जमिनीपासून दहा इंचांवर थांबली. अपवाद होता माजघराच्या एका कोपऱ्याचा. तिथे ना नळ होता, ना बाहेरून पाऊस, तरीही ढगाळ दिवशी तो अडीच फुटांपर्यंत काळा पडायचा आणि दोन दिवस ऊन पडले की सुकायचा. ओल वर चढत नव्हती, सगळा डाग एकदमच उमटत होता. मी तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला. भिंतीतून पाणी येत असेल तर कागदाच्या आतल्या बाजूला थेंब धरायला हवे होते. दोन दिवसांनी काढला तर आतली बाजू जवळजवळ कोरडी आणि कागदाभोवतीची भिंत मात्र ओलसर. म्हणजे ती जागा पाणी हवेतून घेत होती.

उलगडा सासूबाईंनी केला, तोही तांदूळ निवडता निवडता. “तिथं मिठाचं मडकं असायचं,” त्या म्हणाल्या. वर्षाचे खडेमीठ उन्हाळ्यात भरून त्या कोपऱ्यात ठेवत आणि पावसाळ्यात मडक्याला पाझर फुटून खाली मिठाचे पाणी साचे. निदान पन्नास वर्षे ते पाणी त्या चिऱ्यांत मुरत गेले. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि जुलैत आमच्याकडची हवा दिवसेंदिवस त्याहून दमट असते. त्या कोपऱ्यावर कितीही रंग, कितीही सिमेंट चढवले असते तरी तो ओला होणारच होता.

मीठ काढण्याचा उपाय कंटाळवाणा आहे. टिश्यू कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करायचा, तो बोटभर जाडीने भिंतीवर थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. लगद्यातले पाणी आधी चिऱ्यात शिरते, मीठ विरघळवते आणि वाळताना त्याला आपल्याबरोबर कागदात ओढून आणते. पाणी क्षाररहित हवे, म्हणून मी गाड्यांच्या बॅटरीत घालायचे पाणी रत्नागिरीहून डबेच्या डबे आणवले. पावसाळा सरल्यावर तीन वेळा हा लेप दिला. वाळलेला कागद जिभेला लावून पाहिला (हे करू नये, पण मला राहवले नाही), तेव्हा पहिल्या लेपाचा कागद सरळ खारट होता आणि तिसऱ्याचा जेमतेम.

गिलावा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. कळीचा चुना आणून खड्ड्यात विझवला. विझवताना चुना पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ते मिश्रण उकळते आणि उडते. वीस दिवस तो पाण्याखाली मुरवला. वाळू नदीची, तीन पाण्यांनी धुतलेली. आमच्या दारातून समुद्राचा आवाज येतो, पण समुद्राची वाळू म्हणजे काढलेले मीठ पुन्हा विकत आणणे. एक भाग चुना, तीन भाग वाळू, थोडी भाजक्या विटांची पूड आणि काथ्याचे तुकडे. गवंड्याने गुळाचे पाणीही घातले. विटांच्या पुडीमुळे चुना दमट जागीही आवळून येतो, हे मला कारणासकट पटले. गुळाबद्दल त्याने “आमचा बाप घालायचा” एवढेच कारण दिले आणि मी वाद घातला नाही. दोन पातळ थर, त्यांच्यामध्ये दहा दिवसांचे अंतर, आणि भिंत एकदम वाळून तडकू नये म्हणून ओली गोणपाटे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो. त्याला घाई केली की तो बोटाने खरवडला जातो. वरून फक्त चुन्याची सफेदी, रंग नाही. सगळे मिळून ७१ हजार रुपये लागले, त्यांत चर, पन्हळ आणि झापे धरलेली आहेत.

या गिलाव्याला पहिल्या वर्षी जमिनीलगत दोन ठिकाणी लोणा आला आणि तेवढे तुकडे खरवडून पुन्हा भरावे लागले. गवंड्याने हे आधीच सांगितले होते: उरलेले क्षार चुन्यात येऊन बसतात, चुना झिजतो आणि चिरा वाचतो. कपाट आता भिंतीपासून चार बोटे दूर असते. पावसाळ्यात मागची चूल आठवड्यातून दोनदा पेटवतो, पाणी तापवण्याच्या निमित्ताने; पूर्वी ती रोज पेटत असे आणि घराला वर्षभर धग मिळत असे, हेही भिंती सुकण्याचे एक कारण असावे, असे मला वाटते.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही पावसाळ्यांत ओल वीतभराच्या वर गेली नाही. मिठाचा कोपरा मुसळधार आठवड्यात अजून काळवंडतो, पण तळहाताएवढाच. सासूबाईंचा पलंग माजघरात परत गेला आहे. खळ्याबाबत मात्र त्यांनी मला माफ केलेले नाही. मे महिन्यात वाळत घातलेली आमसुले वाऱ्याने खडीच्या पट्टीत उडून पडतात आणि ती एकेक करून वेचण्याचे काम, ठरल्याप्रमाणे, माझ्याकडे आहे.